फेस्टिव्हलला जाताय? 'दर अर्ध्या तासाला लिटरभर पाणी' वाल्या मेसेजचं काय करायचं

उन्हाळा आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, परगावी-परदेशी रस्त्यावरचा उत्सव बघायला जाणाऱ्यांसाठीचा. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दर अर्ध्या तासाला एक लिटर पाणी प्या म्हणजे ऊन लागणारच नाही, घाम येतोय तोवर काळजी नको, रस्त्यावरचं तिखटजाळ खाल्लं तर जंतू मरतात, वर एखादा पेग मारला की उरलेसुरले पण जातात, सॅनिटायझर खिशात असलं की हात धुवायची गरज नाही, आणि निघायच्या दिवसापासूनच अँटिबायोटिक सुरू करा. खाली "डॉक्टरांनी सांगितलंय, सगळ्यांना पाठवा." कुठल्या डॉक्टरांनी ते मात्र नाही.

बघा ना, जवळजवळ सगळे उपाय पोटात काहीतरी ढकलायचे आहेत. सावलीत बसा, भर दुपारी जाऊच नका, दमलात तर परत फिरा, असलं एक वाक्य नाही त्यात, आणि खरा फरक त्यानंच पडतो.

आधी पाणी, कारण सगळ्यात जास्त लोक हाच मुद्दा डोळे झाकून मानतात. आपल्या किडन्या तासाला साधारण ०.८ ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकतात, आणि हा मेसेज तासाला दोन लिटर प्यायला सांगतोय. काही तास असं रेटलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूला सूज येते, मग डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, पुढे फिट्स. मॅरेथॉन पळणाऱ्यांमध्ये यानं माणसं दगावलेली आहेत. आणि गोची अशी की डोकं दुखणं, मळमळ ही तर ऊन लागल्याची पण लक्षणं, त्यामुळे बरोबरची मंडळी काळजीपोटी आणखी एक बाटली तोंडाला लावतात. तहान लागेल तसं घोट घोट प्या, घाम गाळत असाल तर सोबत काहीतरी खारट खा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, आणि पोट डबडबलंय, सारखी पाण्यासारखी स्वच्छ लघवी होतेय तरी पिताय, तर थांबा. फक्त वय झालेल्यांना तहान नीट कळत नाही, त्यांना मधूनमधून आठवण करावी लागते. ओआरएस नेताय तर उत्तम, पण पाकिटावर एक लिटर लिहिलंय आणि हातात अर्ध्या लिटरची बाटली आहे म्हणून सगळं पाकीट तिच्यात ओतायचं नाही, ते फार खारट होतं आणि उलटा त्रास होतो.

"घाम येतोय तोवर काळजी नको" हे तर मला सगळ्यात घातक वाटतं. घाम वाळला तर अंग थंड होतं, नुसता टपटप गळून गेला तर नाही, आणि दमट हवेत, दाटीत तो वाळतच नाही. नाचून, चालून जो उष्माघात होतो त्यात माणूस घामानं निथळत असू शकतो. बघायचं असतं ते डोकं ठिकाणावर आहे का. आपण कुठे आहोत, सोबत कोण आहे, विचारा, असंबद्ध बोलतोय, झोकांड्या जातायत, उगाच चिडतोय, तर अँब्युलन्स बोलवा आणि तिची वाट बघत बसू नका, सावलीत न्या, जाड कपडे काढा, मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉलही उपयोगाची नाही, कारण तापात मेंदूनं स्वतःच तापमान वर नेलेलं असतं आणि गोळी ते खाली आणते, इथे मेंदूनं काही ठरवलेलंच नसतं.

आणि तिथले लोक दिवसभर उन्हात नाचतायत म्हणून आपणही नाचू, हे नको. शरीराला गरमीची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तुम्ही काल उतरलाय.

तिखटानं जंतू मरत नाहीत, डोळ्यातून पाणी येतं फक्त. अन्न ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये पडून राहिलं की जंतू भराभर वाढतात, हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर तासाभरात टाकून द्यावं असा नियम आहे. म्हणून गाडीवर गर्दी किती हे एकटं बघून उपयोग नाही, समोर आगीवरून उतरून वाफा येत थेट हातात पडतंय का ते बघा. ट्रेमध्ये कोमट पडलेलं परत गरम करून दिलं तरी चालत नाही, काही जंतूंनी सोडलेलं विष उकळलं तरी जात नाही. बर्फाचं तेच, गोठल्यानं जंतू मरत नाहीत, आणि ग्लासातल्या दारूनंही नाही. दारूनं उलट लघवी वाढते आणि "मला काही होत नाहीये" हा भ्रमही वाढतो.

सॅनिटायझर ठेवा, ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं, पण उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर ते फारसं चालत नाही. साबण दिसला की हात धुवा, एवढंच.

अँटिबायोटिकचा सल्ला ज्यानं लिहिला त्याला हात जोडून नमस्कार. धडधाकट पर्यटकाला आधीपासून ते घ्यायची गरज नसते, प्रवासातले जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप थांबतात, आणि वरून डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांनी त्वचा उन्हात जास्त भाजते, म्हणजे दिवसभर रस्त्यावर उभं राहायला जाताना नेमकं तेच खाऊन जायचं! जुलाबात रक्त दिसलं, जोराचा ताप आला तर डॉक्टर गाठा, जुलाब थांबवायची गोळी तेव्हा स्वतःहून घेऊ नका. बीपीची पाणी काढणारी गोळी, ॲलर्जीची काही औषधं यांनी गरमी जास्त बाधते, ती चालू असतील तर निघायच्या आधी विचारून ठेवा, आपल्या मनानं बंद करू नका.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी. स्पीकरच्या पुढ्यात १०० डेसिबल असेल तर कानाला साधारण १५ मिनिटंच परवडतात, इअरप्लग न्या, लहान मुलांना तर हवेतच. आणि गर्दी: पाऊल कुठे टाकायचं हे आपल्या हातात राहिलं नाही, चारी बाजूंनी अंग लागायला लागलं, की कार्यक्रम कितीही रंगात आलेला असो, बाहेर पडायला लागा. अडकलातच तर दोन्ही हात छातीपुढे घ्या म्हणजे श्वासाला जागा राहते, लोंढ्याच्या विरुद्ध जोर लावू नका, रेटा जरा ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरका, आणि खाली पडलेला मोबाईल उचलायला वाकू नका.