तुम्हाला काय, सवय आहे!

काल भर दुपारी मुलीचा पुण्याहून फोन. आवाजात काळजी. म्हटलं, चला, आठवण तरी आली. तर म्हणते, "आप्पा, कोकणात उष्णतेची लाट आलीय. काकांना फोन केला का तुम्ही? समुद्राकाठी एकटे असतात हो ते."

मी त्या वेळी भुसावळजवळच्या आमच्या ज्येष्ठ निवासाच्या हॉलमध्ये पाय बादलीत बुडवून, डोक्याला ओला पंचा गुंडाळून बसलेलो. बाहेर ४५. कूलरची मोटर बंद, नुसता पंखा चालू, म्हणजे गवतातून गाळलेली झळ थेट तोंडावर. मी विचारलं, "कोकणात किती आहे?" "३८!" असं म्हणाली, जणू किनाऱ्याला वणवा लागलाय. म्हटलं, "आणि तुझा बाप बसलाय तिथे किती आहे, ते पाहिलंस?" त्यावर पोटची पोर म्हणते, "तुमचं वेगळं आहे आप्पा. तुम्हाला सवय आहे."

सवय म्हणे! कशाला झालीय सवय? किडनीला? उतारवयात तहान लागलेली कळत नाही, घामही पूर्वीसारखा सुटत नाही. वर डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी पाण्याची गोळी दिलीय, ती अंगातलं होतं नव्हतं तेही काढून टाकते. इथल्या सिस्टरबाई दर तासाला मीठसाखरेच्या पाण्याचा ग्लास घेऊन मागे लागतात, त्या काय माझ्या सवयीचं कौतुक म्हणून? मेच्या दुपारी दाराची लोखंडी कडी धरून बघा एकदा. आम्ही ती धोतराच्या सोग्याने उघडतो. अंघोळ पहाटे पाचच्या आत उरकायची, नाहीतर गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घ्यायचं आणि ओरडायचं. रात्री बादली भरून झाकून ठेवली, तरच सकाळी ते पाणी माणसासाठी आहे असं वाटतं.

आणि ती लाट! हवामान खात्याचा नियम बघा. सपाटीवर पारा ४० ला टेकल्याशिवाय लाटेचा विचारच करायचा नाही. किनाऱ्यावर ३७ पुरे, डोंगरात तर ३० सुद्धा चालतात. बरं, ४० झाले म्हणूनही भागत नाही, सरासरीच्या साडेचार डिग्री वर गेलं पाहिजे, नाहीतर थेट ४५ तरी गाठले पाहिजेत. आता मे महिन्यात आमची सरासरीच ४२ च्या आसपास. म्हणजे ४४ असताना आमच्या बातम्यांत काय सांगणार? "हवामान कोरडे राहील." राहील ना! आम्हीही कोरडेच राहिलोय. तिकडे ३८ झाले की दादरला छत्री घेऊन वार्ताहर उभा, बर्फाचा गोळा खाणारी पोरं, चौपाटीवर हाश्शहुश्श करणारी जोडपी. आमचं नाव शेवटी, खालच्या पट्टीत, सरकत्या अक्षरात. तेही वाचायला चष्मा शोधेपर्यंत निघून जातं.

ज्याला मी फोन करायचा, तो माझा रेल्वेतला जुना सहकारी. मूळचा जामनेरचा, म्हणजे याच तव्यावर भाजून निघालेला. रिटायर झाला आणि मुलाने त्याला रत्नागिरीकडे समुद्राकाठच्या एका ज्येष्ठ निवासात ठेवला. तेव्हापासून हा कोकणी झाला. रोज संध्याकाळी सुरूच्या झाडांमागे बुडणाऱ्या सूर्याचा फोटो, खाली "शुभ संध्या". आणि रोज सकाळी तक्रार: टॉवेल वाळत नाही, मिठाला पाणी सुटलं, कपाटातल्या कोटाला बुरशी आली, इथून नेलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, मऊ पडले. अरे, बिबडे तिकडे नेलेसच कशाला? वर शास्त्र शिकवतो. "भाऊ, तुमचा घाम वाळतो म्हणून गारवा मिळतो. इथे हवाच ओली, घाम जाणार कुठे? इथे कूलरही कामाचा नाही. लावला की खोलीची न्हाणी होते."

संताप याचा की म्हणतो ते खरं आहे. ३५ डिग्री आणि ६० टक्के आर्द्रता असली की अंगाला ४५ सारखं वाटतं. पण सारखं वाटतं! ३५ ला कडीने हात पोळतो का? टाकीतलं पाणी चटका देतं का? त्यांच्याकडे दुपार झाली की खारे वारे सुटतात, शाळेत भूगोलात पाठ केलेले. आमच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे तापीचं काळं खोरं आणि आम्ही खापरावरच्या मांड्यासारखे अंथरलेले. वारा येतो तो वायव्येचा, राजस्थान-गुजरातच्या तापल्या जमिनीवरून. खिडकी उघडली तरी पंचाईत, लावली तरी पंचाईत.

खिडकीवरून आठवलं. ही इमारत कोणत्या महाभागाने काढली कोण जाणे. हॉलला अख्खी पश्चिमेकडे काच! समोर समुद्र आहे काय? समोर पार्किंगचा पत्रा, तोही उन्हात चकाकणारा. त्यात जेवणाच्या खोलीत भिंतभर नारळी आणि निळ्या पाण्याचं पोस्टर. भेंडीची भाजी खाताना समोर लाटा! आमच्या गावी धाब्याचं घर होतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचंच छप्पर, संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडलं की रात्री सगळं घर वर झोपायचं. ते पाडलं, तिथे भावाने स्लॅब टाकला. त्या वेळी मीच वर्गणी दिली होती, सौ. आठवण करून देते. तिला नको तिथे सगळं आठवतं.

आणि आता मे महिन्यात वाढदिवस येणारे दानशूर. यांना सकाळी जमत नाही, संध्याकाळी जमत नाही, बरोबर बाराला येतात. मग आम्हाला बाहेरच्या मांडवात खुर्च्यांवर ओळीने बसवायचं, बॅनर सरळ होईपर्यंत हलायचं नाही, भाषण ऐकायचं, फोटो. आणि हातात काय ठेवतात? केळी. जळगाव जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला केळी! अरे, त्या केळीचे आमच्यापेक्षा लाड आहेत. तिला ठिबकने मोजून पाणी, झळ लागू नये म्हणून बागेच्या कडेने हिरवी जाळी. आम्हाला पश्चिमेची काच. त्या पैशात कूलरची मोटर आली असती, पण मोटरवर हात ठेवून फोटो चांगला येत नसावा.

मोटर बंद पडते त्याला कारण पाणी. बोअरचं जड पाणी, गवतावर क्षाराचा पांढरा थर बसून ते लाकडासारखं कडक होतं, पाणी झिरपत नाही. बदला म्हटलं की व्यवस्थापक म्हणतात, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात पाऊस येतो, मग गरजच उरत नाही. दर वर्षी हेच. स्वयंपाकी अमळनेरकडचा, तो तेवढा खरं बोलतो. भट्टीपुढून घामाघूम बाहेर येतो, दारात टेकतो आणि म्हणतो, "आप्पा, ऊन गंज शे." म्हणजे ऊन फार आहे. बस. त्याच्या मागे शास्त्र नाही, सल्ला नाही. असं कोणी बोललं की बरं वाटतं.

एवढं तावातावाने बोलतोय खरा, पण आमचीही एक गंमत आहे. संध्याकाळी बातम्यांत आकडे लागले की हॉलमध्ये सगळे कान टवकारतात. भुसावळ पहिलं आलं की तिन्ही टेबलांवर टाळ्या. दिवसभर "मेलो मेलो" करणारे नाना सर्वांत जोरात वाजवतात. आणि अकोल्याने अर्ध्या डिग्रीने मारलं, की जेवण जात नाही. मग चर्चा: त्यांचं यंत्र कुठे ठेवलंय, डांबरी रस्त्याच्या कडेला असणार, विदर्भवाल्यांचं नेहमीचंच. चंद्रपूर पुढे गेलं तर चालतं, ते लांब. अकोला नाही चालत. मी स्वतः गेल्या आठवड्यात वेधशाळेच्या आकड्यावरून एका सद्गृहस्थांशी इतका भांडलो की सौ.ने माझ्या तोंडासमोर ताकाचा ग्लास धरला आणि म्हणाली, "घ्या, तुमचाच पारा जास्त आहे."

तर शेवटी केला फोन. लेकीने तीनदा आठवण केली, काय करणार. पलीकडून स्वर असा की अंथरुणाला खिळलाय. "भाऊ, जीव नकोसा झालाय रे. अंग चिकट, झोप नाही, दुपारी दोन तास लाइट नव्हती." मागे लाटांचा आवाज ऐकू येत होता. मी सगळं ऐकून घेतलं. पाणी पी म्हटलं, दुपारी बाहेर पडू नकोस म्हटलं. त्याने मला विचारलं का, तुझं कसं आहे? विचारलं. म्हणाला, "तुझं काय, तुला सवय आहे."

मग मी त्याला बोलावलंच. म्हटलं, २५ मेला सूर्य रोहिणीत जातो, नवतपा लागतो, कडक उन्हाचे नऊ दिवस, तेव्हा ये. माध्यान्हीला स्वतःची सावली पायाखाली शोधावी लागते, ती बघ. जूनच्या सुरुवातीला तुझ्याकडे पाऊस पोचेल, आमच्याकडे यायला महिन्याचा मध्य उजाडेल, तोवर राहा. आमरस आहे, खापरावरची पोळी आहे, खोलीत तिसरी खाट बसते. कूलरसमोरची खुर्ची मात्र मागायची नाही. तिच्यावरून इथे आधीच तिघांत बोलणं बंद आहे.