फोन कोणाचा, हे आधी ठरवा
एमडीएम सॉफ्टवेअर (कामासाठी वापरले जाणारे फोन आणि टॅबलेट कंपनीला दुरून सांभाळू देणारे सॉफ्टवेअर) निवडताना प्रति उपकरण मासिक दर हा पहिला निकष मानावा, हे लेखातील मत मला पटत नाही. फोन कंपनीचा की कर्मचाऱ्याचा, हा प्रश्न त्याआधी सुटायला हवा. आमच्या विक्री विभागातील एका सहकाऱ्याने नोकरी सोडली, तेव्हा त्याच्या स्वतःच्या फोनचे संपूर्ण नियंत्रण आम्ही घेतलेले असल्यामुळे, कंपनीची माहिती पुसताना त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटोही गेले. ते परत मिळाले नाहीत, आणि याची मला आजही खंत वाटते. अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून ‘वर्क प्रोफाइल’ची सोय आहे, तीत कार्यालयीन अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात आणि तेवढाच कप्पा काढून टाकता येतो. कंपनीच्या मालकीच्या टॅबलेटची नोंदणी मात्र झिरो-टचमधून (अँड्रॉइड उपकरण सुरू होताच ते आपोआप कंपनीच्या व्यवस्थापनाखाली आणणारी गुगलची सोय), आणि आयपॅड असल्यास अ‍ॅपल बिझनेस मॅनेजर या अ‍ॅपलच्या तशाच सोयीतून करावी, म्हणजे कोणी फॅक्टरी रीसेट केले तरी सुरू होताना ते पुन्हा व्यवस्थापनाखाली येते. झिरो-टचसाठी खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच लागते, हे खरेदी विभागाला ऑर्डर देण्यापूर्वी सांगावे. सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठीही नवाकोरा फोन न घेता, गोदामातला, काचेला तडा गेलेला आणि रेंज अधूनमधून जाणारा फोन घ्यावा.