नाताळच्या मदत कमिटीत घेणाऱ्यांनाही खुर्ची द्या

नोव्हेंबर लागला की मुंबईतल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गरजू कुटुंबांना द्यायच्या नाताळच्या किटची तयारी सुरू होते. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, वर एक केक. यादी पास्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी समिती, ठरवते, खरेदी तरुण संघ करतो, वाटप उपासनेनंतर. नाव पुकारलं की पुढे यायचं, किट घ्यायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं. संध्याकाळी फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. किट घेणाऱ्या बाईच्या मुलासोबत संडे स्कूलला बसणाऱ्या मुलांचे आईवडीलही त्याच ग्रुपवर असतात.

राबणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. टेम्पोचे पैसे स्वतःच्या खिशातून घालणारी माणसं मी पाहते. पण कुणाला काय हवंय हे ठरवताना, ज्यांना हवंय तेवढेच खोलीबाहेर असतात.

तांदळाचंच घ्या. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. जिथे रेशनकार्ड चालू आहे तिथे अडतं ते खोलीच्या भाड्यावर, शुगरच्या गोळ्यांवर, मुलीच्या फीवर. आणि ज्यांचं कार्डच नाही, किंवा धाकट्यांची नावं अजून चढलेली नाहीत, त्यांना शिधावाटप कार्यालयात सोबत येणारं, फॉर्म भरून देणारं कुणीतरी हवं असतं. आपल्या मंडळीत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले किती काका आहेत! त्यांना कधी कुणी हे काम सांगितलंय?

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा एकदा वाचा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती, त्यावरून कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना कृतघ्न म्हटलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा मागे राहत होत्या, त्यांच्याच माणसांकडे कारभार गेला, असंच मी त्यातून समजते. पाळकांच्या दीक्षाविधीला आपण हा अध्याय वाचतो. तो किटच्या मीटिंगला वाचायला हवा.

आपल्याच शहरातलं उदाहरण आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ड यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस हे वस्तीतलं समाजकेंद्र सुरू केलं. १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), तिथेच सुरू झाली. मिशनऱ्यांनी केलेलं हे मोठंच काम. पण पुढे नेबरहूड हाऊसमध्येच काम केलेल्या शीला पटेल आणि काही सहकारी बाहेर पडले आणि १९८४ मध्ये त्यांनी स्पार्क ही स्वयंसेवी संस्था काढली. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका मग महिला मिलन या आपल्या संघटनेत एकत्र आल्या. त्यांनी बचत चालवली, आपल्याला कसं घर हवं ते स्वतः आखलं. ही वाट चर्चच्या संस्थेच्या आत राहूनही सापडू शकली असती, असं मला मनापासून वाटतं.

वसईत १९१८ मध्ये मोन्सेनियर मोनीस या कॅथॉलिक धर्मगुरूंनी बॅसीन कॅथॉलिक पतसंस्था सुरू केली, तीच आजची बँक. सहकारात कर्ज घेणारा सभासद असतो, त्याला मत असतं. मला हवंय ते हेच.

किटऐवजी पैसेच द्या म्हटलं, की "रोख दिलं तर दारूत जाईल," हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. आपला पगार कुठे जातो हे कमिटी आपल्याला विचारते का? घरात दारू असेल तर पैसे बाईच्या खात्यावर पाठवा. कुठल्या घरात काय चाललंय हे गल्लीतल्या बायका तुमच्याआमच्यापेक्षा नीट सांगतील. आणि किटआधी संदेश, म्हणजे प्रवचन, ऐकायला बसवणं पूर्ण बंद व्हायला हवं. कुणी प्रार्थना मागितली तर गुडघे टेकून करू. न मागता केलेली प्रार्थना त्या रांगेत तांदळाची किंमत होऊन बसते, आणि आमिष दाखवून धर्मांतर करतो या आपल्यावर होणाऱ्या आरोपांना आपणच पुरावा देतो.

तर पाळकसाहेबांना आणि कमिटीला माझी जाहीर विनंती: यंदाच्या मदत कमिटीत निम्मी माणसं अशी घ्या, ज्यांनी मागच्या वर्षी किट घेतलं होतं. मीटिंग रात्री आठनंतर ठेवा, म्हणजे कुणाची घरकामं किंवा रोजंदारी बुडणार नाही. निधी किती आहे ते त्यांना आधी सांगा. फोटो नको. त्यांनी किटच हवं म्हटलं तर किटच देऊ, मी स्वतः पॅकिंगला येईन.