समितीवर नेमणूक झालीच तर

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल चलनाची रचना ठरवायला समिती नेमली आणि तुम्ही तिच्यावर आलात, तर पहिलं काम सोपं आहे. अहवालाच्या पहिल्याच पानावर 'नागरिकांचा खासगीपणा हा या डिजिटल चलनाचा पाया आहे' असं ठणकावून लिहून टाका. पाया जमिनीखाली असतो, त्यामुळे तो दिसला नाही तरी कुणी तक्रार करत नाही. वरचं बांधकाम मग तुम्हाला हवं तसं.

नागपूरकर म्हणून तुमची नेमणूक झाली असेल तर फार हुरळून जाऊ नका. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी इमारत, हाकेच्या अंतरावर झिरो माइल, देशाचा मध्य म्हणून आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो ते. तरी 1 डिसेंबर 2022 ला किरकोळ व्यवहारांसाठी ई-रुपयाची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाची, चाचणी सुरू झाली तेव्हा पहिल्या यादीत मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर होतं. पुढच्या नऊ शहरांच्या यादीत गंगटोक होतं, शिमला होतं, इंदूर होतं. आपण नव्हतो. गंगटोकचं एक वेळ समजू शकतो, पण इंदूर? त्यांच्याशी आधीच पोह्यांवरून आपलं जमत नाही.

असो. कामाला लागण्याआधी शत्रू ओळखा. त्यासाठी लांब जायला नको, कुठल्याही पानठेल्यावर दहा मिनिटं उभे राहा. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटत असतो. गिऱ्हाईक नोट पुढे करतं. ठेलेवाला मान वर न करता ती घेतो, काताच्या डागांनी लाल झालेल्या बोटांनी गल्ल्यात सारतो, सुटे परत देतो. नाव नाही, मोबाईल नंबर नाही, ओटीपी नाही. या माणसाला खर्रा लागतो हे रिझर्व्ह बँकेला कळलं नाही, त्याच्या बँकेला कळलं नाही, आरोग्य विम्याचा हप्ता ठरवणाऱ्याला कळलं नाही, आणि तोंड धुऊन गेला तर घरीही कळणार नाही. राजरोस भरचौकात एवढा व्यवहार झाला आणि जगात कुठे त्याची ओळ नाही! कागदी नोटेचा हा निगरगट्टपणा मोडून काढायचा, आणि वर तो आपण जपला असं म्हणायचं, हे तुमचं काम.

सुदैवानं तंत्रज्ञान तुमच्या बाजूनं आहे. डिजिटल पैसा म्हणजे शेवटी आकड्यांची एक ओळ, आणि आकडे कुणीही कॉपी करू शकतो. म्हणून तोच पैसा दोनदा खर्च झाला नाही ना, हे कुणीतरी तपासावंच लागतं. ही अडचण खरी आहे, आणि खऱ्या अडचणीचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. 'हे नाणं आधी खर्च झालंय का?' आणि 'हे नाणं कुणी, कुठे, कशावर खर्च केलं?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बैठकीत ते एका दमात विचारायचे. तीन बैठकांनंतर ते वेगळे होते हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

एखाद्यानं 'पण नावं कशाला साठवायची?' असं विचारलंच तर लगेच मान्य करा. नावाच्या जागी क्रमांक टाका. कोणता क्रमांक कुणाचा याची यादी अर्थात दुसऱ्या खात्याकडे राहील. डिजिटल पैशाचं पाकीट मोबाईल नंबरवर उघडलेलं, नंबर ओळखपत्रावर घेतलेला, म्हणजे एका क्रमांकावरून घरच्या पत्त्यापर्यंत जायला दोन पावलं. पण अहवालात आपण 'अनामिक' लिहू. शिवाय दोन पातळ्यांची रचना करा: वर मध्यवर्ती बँक, खाली व्यापारी बँका. वरचे म्हणतील, आम्हाला ग्राहक दिसतच नाही. खालचे म्हणतील, आम्ही फक्त वरून आलेले नियम पाळतो. यात लोकांचा खासगीपणा किती राहतो ते सांगणं अवघड आहे, पण तुमचा कोणाला पत्ता लागणार नाही हे नक्की.

त्यानंतर मर्यादा ठरवा. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2022 मध्ये जे संकल्पनापत्र काढलं त्यात छोट्या रकमांना रोखीसारखी अनामिकता आणि मोठ्या रकमांचा माग, अशा धाटणीचा विचार आहे. चीनमध्ये याच वळणाची 'नियंत्रित अनामिकता' आहे. कल्पना वाईट नाही. तुम्ही फक्त एवढं बघा की छोटी म्हणजे किती, हे कायद्यात न लिहिता परिपत्रकात लिहिलं जाईल. परिपत्रक शुक्रवारी संध्याकाळी निघतं. सोमवारी सावजीत दोघं जेवले तर अनामिक, पाहुणे धरून सहा जण जेवले तर नोंद.

आता गंमतीचा भाग, म्हणजे पैशात अटी भरणं. फेब्रुवारी 2024 च्या पतधोरणात ई-रुपया प्रोग्राम करता येईल हे जाहीर झालं: तो ठरावीक कामासाठीच खर्च व्हावा, ठरावीक मुदतीत व्हावा, ठरावीक भूभागातच चालावा. कल्पना करा, काटोलच्या संत्रा उत्पादकाच्या हातात अनुदान आलं, पण ते फक्त खताच्या दुकानात चालतं, ३१ तारखेला विझतं आणि बुटीबोरीच्या पुढे गेलं की मुकं होतं. अनुदान भलत्या खिशात जाऊ नये हा हेतू चांगलाच आहे, त्यावर कोण काय बोलणार. पण अट पाळली की मोडली हे कळायला प्रत्येक खर्चाकडे बघावं लागतं, आणि त्या बघण्याला आपण 'सुविधा' म्हणणार आहोत. पोरीची फी भरायची होती म्हणून एखादा आजोबा हुज्जत घालायला लागला तर त्याला ॲप अपडेट करायला सांगा.

इथपर्यंत सगळं सुरळीत आहे. धोका एकाच ठिकाणी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. डेव्हिड चॉम नावाच्या अमेरिकी माणसानं 1982 सालीच एक उद्योग करून ठेवला आहे, आणि समितीतल्या एखाद्या तरुण अभियंत्यानं तो वाचलेला असू शकतो. कल्पना अशी. तुम्ही कागदावर स्वतःच एक लांबलचक क्रमांक लिहिता, तो कार्बन लावलेल्या पाकिटात घालून बंद करता आणि बँकेला देता. बँक तुमच्या खात्यातून शंभर रुपये कापते आणि पाकिटावर बाहेरून शंभराची सही ठोकते. सही कार्बनमधून आतल्या कागदावर उमटते. तुम्ही घरी येऊन पाकीट फाडता आणि सहीचा कागद दुकानात देता. दुकानदार तो बँकेत पाठवतो. बँक आपली सही ओळखते, हा क्रमांक आधी आला नव्हता हेही तपासते, पण तो कुणाच्या पाकिटात होता हे तिला कधीच कळत नाही, कारण तिनं तो पाहिलेलाच नाही. हे सगळं गणितानं करता येतं. याला आंधळी सही म्हणतात. 1988 मध्ये चॉमनं आणखी दोघांबरोबर त्यात भर घातली: तेच नाणं दोनदा खर्च करणाऱ्याचीच ओळख आपोआप उघडी पडते, सरळ वागणारा झाकलेला राहतो. आपल्या पद्धतीच्या अगदी उलट. आपल्याकडे सरळ माणसाची तीन ओळखपत्रं लागतात आणि दुसरा कधीच परदेशात पोचलेला असतो.

'एवढं चांगलं होतं तर चाललं का नाही?' असं तुम्ही तोऱ्यात विचारू शकता. चॉमची कंपनी 1998 मध्ये दिवाळखोरीत निघाली, हे तुमच्या कामी येईल. पण 2021 चं मात्र कुणाला सांगू नका. त्या वर्षी स्विस नॅशनल बँकेनं चॉम आणि दोन सहलेखकांचा निबंध प्रसिद्ध केला, याच पद्धतीवर मध्यवर्ती बँकेचं चलन कसं काढता येईल यावर. पुढे 2023 मध्ये मध्यवर्ती बँकांची बँक म्हणतात त्या बासलच्या संस्थेनं 'तूर्बियों' नावाच्या प्रकल्पात तसे नमुने बनवूनही पाहिले. पैसे देणारा अनामिक, घेणारा उघड. म्हणजे 'हे जमणारच नाही' ही तुमची हक्काची सबब गेली.

घाबरू नका, ही पद्धत अडवायला आपली इतवारीची बाजारपेठ आहे. नीट बघा: या रचनेत विकत घेणारा झाकलेला राहतो, पण विकणाऱ्याकडे आलेला प्रत्येक रुपया बँकेत जाऊनच खरा ठरतो, म्हणजे त्याची कमाई दिसते. कर चुकवायला, लाच पचवायला ही भारी गैरसोय. तेव्हा 'खासगीपणा दिला की काळा पैसा वाढेल' असं सांगणाऱ्या बाबूला ही रचना नको, कारण त्याला गिऱ्हाईक बघायचं असतं. कच्च्या पावतीवर चालणाऱ्या शेटजीला ती नको, कारण त्याला दिसायचं नसतं. एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे हे दोघं या एका मुद्द्यावर एकाच सोफ्यावर बसतील. मागे उरतं ते फक्त गिऱ्हाईक: सदर बाजारातल्या मानसोपचारतज्ज्ञाची फी गुपचूप भरणारं, हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरच्या आंदोलनाच्या मंडपात शंभर रुपये वर्गणी टाकणारं. ते कुठल्याही समितीवर नसतं. एक इतवारीवाला तर मला स्पष्टच म्हणाला, "राजेहो, लपवाचं असन तर दोघाईचं लपवा. अर्धं लपवून काय उपेग?"

लोकांना विचारायचा मोह मात्र आवरा. युरोपच्या मध्यवर्ती बँकेनं विचारलं होतं. 8,000 हून अधिक उत्तरं आली आणि 43 टक्के लोकांनी डिजिटल युरोत सगळ्यात महत्त्वाचा म्हणून खासगीपणाच निवडला. आता बसलेत निस्तरत. आपल्याकडे लोक विचारण्याआधीच बोललेत म्हणा: मार्च 2025 अखेर ई-रुपया साधारण 1,016 कोटींचा होता आणि कागदी नोटा 36 लाख कोटींच्या वर. याचा अर्थ जागृती कमी पडते असा घ्यायचा.

जुन्या लोकांना 2016 ची आठवण येईल. नोटा बदलायची मुदत संपल्यावर, त्या काळात परदेशी असलेल्यांसाठी देशात रिझर्व्ह बँकेची फक्त पाच कार्यालयं उरली होती, त्यात आपलं नागपूर होतं. कागदाला कसं, रद्द केला तरी तो घेऊन माणूस दारात येऊन उभा राहतो. नव्या चलनात ही गर्दी होणार नाही. तुमच्या रचनेत पैसा रद्द करायचं बटण एकेका डिजिटल पाकिटापुरतंही दाबता येईल, आणि इतरांचे व्यवहार मजेत चालू राहतील. हा मुद्दा अहवालात 'लवचीकता' या मथळ्याखाली टाका.

कायद्याचं म्हणाल तर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमतानं तसं सांगितलं आहे. त्याचा उल्लेख प्रस्तावनेत ठळक करा. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे, आणि त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोयही. तिचा उल्लेख ठळक करायची गरज नाही.

शेवटी एखादा चिवट म्हातारा उठून विचारेल, "बरं, बघा तुम्ही. पण माझं पाकीट कोणी बघितलं, कधी, कशाला, ते मले दिसन का?" हा प्रश्न सगळ्यात वाईट. बघणाऱ्यांची नोंद ठेवणं आणि ती ज्याचं पाकीट त्याला दाखवणं तांत्रिकदृष्ट्या काहीच कठीण नाही, हे त्याच्या नातवालाही ठाऊक असतं. तेव्हा तंत्राच्या वाटेला जाऊ नका. अधिकाऱ्यांचीही वैयक्तिक माहिती असते, ती जपणं आमचं कर्तव्य आहे असं शांतपणे सांगा, आणि माहिती अधिकारात अर्ज करायला सुचवा. फी दहा रुपये. रोखीनं भरता येते.