‘मोरया’ टॅटू पाचव्या दिवशी गेल्याच्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आपला दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. आपल्याला तासभर ताटकळत बसावे लागले आणि हौसेने लावून घेतलेला तात्पुरता टॅटू विसर्जन मिरवणुकीपर्यंत टिकला नाही, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते.

परंतु ‘दहा दिवस टिकेल असे सांगून ३५० रुपये घेतले आणि पाचव्या दिवशी मनगटावर नुसता “या” उरला’ हे आपले वाक्य फार लागले, कारण दहा दिवसांविषयी मी जे बोलले ते ज्या टॅटूबद्दल होते, तो आपण घेतलाच नव्हता. ते बोलणे जागुआचे होते. जागुआ म्हणजे दक्षिण अमेरिकेत वाढणाऱ्या जेनिपा नावाच्या झाडाच्या कच्च्या फळाचा रस. त्यातील द्रव्याचा त्वचेतल्या प्रथिनांशी संयोग होऊन निळसर काळा रंग तयार होतो आणि वरची त्वचा झडेपर्यंत, म्हणजे साधारण आठ ते बारा दिवस, तो टिकतो. हा लेप दोन-तीन तास हातावर ठेवावा लागतो, धुतल्यावर लगेच फारसे काही दिसत नाही आणि रंग पूर्ण चढायला दोन दिवस जातात. शिवाय काहींच्या त्वचेला फळाचा रसही सोसत नाही, म्हणून मी आदल्या दिवशी कोपराच्या आत एक ठिपका लावून पाहिल्याशिवाय जागुआ काढत नाही. आपण आलात हरितालिकेच्या संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल पथकाच्या पहिल्या वादनाला अक्षरे ठसठशीत दिसायलाच हवीत, असा आपला आग्रह होता. त्या वेळी देता येण्यासारखा एकच प्रकार होता, तो म्हणजे पाण्याने उमटवायचा छापील टॅटू. ‘हा तीन ते पाच दिवसांचा पाहुणा आहे’ हे शब्द मी आपल्या मित्रासमोर उच्चारले होते, आणि पाचव्या दिवसापर्यंत तो थोडा का होईना, उरला होता, असे आपणच लिहिले आहे.

जागेविषयीही सांगणे भाग आहे. छापील टॅटू म्हणजे त्वचेवर चिकटलेला शाईचा पातळ पापुद्रा असतो. जिथे त्वचा सारखी दुमडते, तिथे त्याला आधी भेगा पडतात आणि मग कडा सुटतात. म्हणून मी कोपराखालची आतली बाजू सुचवली, पण ढोल वाजवायचे टिपरू धरल्यावर समोरच्याला दिसावा यासाठी आपण मनगटच हवे म्हणालात. आपण सरावाहून थेट आला होतात, तेव्हा घाम आणि तेलकटपणा जावा म्हणून स्पिरिटने दोनदा मनगट पुसून घेतले. ओल्या कापडाने कागद अर्धा मिनिट दाबून धरला, तो आपोआप सरकेपर्यंत ओढला नाही आणि वरून पावडर फिरवली. एवढे झाल्यावर तासभर कापड लागू देऊ नका, असे सांगत असतानाच आपण पूर्ण बाह्यांचा कुर्ता चढवून निघालात. त्यानंतरचे दिवस तर ढोल, घाम आणि पावसाचे होते. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही; वादन करणाऱ्यांचे मला कौतुकच आहे. पण माझ्या कामात कसूर झाली असे वाचणाऱ्यांना वाटू नये, एवढीच इच्छा आहे.

‘काळी मेंदी मागितली तर भाषण ऐकवले’ असेही आपण लिहिले आहे. मेंदीचा स्वतःचा रंग केशरी ते गडद तपकिरी असतो. तासाभरात काळीभोर उमटणाऱ्या मेंदीत बहुतेक वेळा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. युरोपात ते फक्त केसांच्या रंगात आणि तेही जास्तीत जास्त २ टक्क्यांपर्यंत चालते. त्वचेवर लावायच्या प्रसाधनांत अमेरिकेतही त्याला परवानगी नाही. त्याने फोड येतात, नक्षीच्या आकाराचे व्रण राहू शकतात आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे साधा कलपही लावता येत नाही. जत्रेत ती शंभर रुपयांत मिळते, हे मला ठाऊक आहे. माझ्या दुकानात ती येणार नाही, मग त्यापायी आणखी एक तारा कमी झाला तरी चालेल.

गर्दीच्या दिवसांत आधी वेळ ठरवून देण्याची काहीतरी व्यवस्था आम्ही करत आहोत आणि कोणता टॅटू किती दिवस टिकतो, याचा फलकही लवकरच लावू. नवरात्राची नोंदणी याच आठवड्यांत होते आणि नवे ग्राहक अभिप्राय वाचूनच येतात, म्हणून इतके सविस्तर लिहावे लागले. आपल्याला जागुआ काढून घ्यायचा असल्यास आपण दिलेले ३५० रुपये त्यात वळते करून घेईन. फक्त ठिपक्याच्या चाचणीसाठी कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी यावे, ही विनंती.