‘आयदान’, माझी आजी आणि आपला आक्षेप

सप्रेम नमस्कार.

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या आत्मकथनाविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि उत्तर लिहायला आठ दिवस घेतले, कारण घाईने लिहिले असते तर मी केवळ स्वतःचा बचाव केला असता. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : पुस्तकाविषयी बोलता बोलता मी माझ्या आजीवर घसरले, दुसऱ्याच्या दुःखाला आपल्या घरातली आठवण चिकटवणे म्हणजे परीक्षण नव्हे, ‘आमच्याही घरात कष्ट होते’ हा सूर दलित लेखिकेच्या आत्मकथनावर अन्याय करणारा आहे, आणि पुस्तकाच्या रचनेविषयी मी एक अक्षरही लिहिले नाही.

यातला अन्यायाचा मुद्दा मला मान्य आहे. तो सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. ‘ऐन तारुण्यात विधवा झालेल्या माझ्या आजीने पापड लाटून, आमसुले आणि फणसाची साठे विकून चार मुले वाढवली, आयदान वाचताना मला तीच डोळ्यांसमोर दिसत होती,’ असे मी लिहिले होते. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. जिल्हाही एकच, रत्नागिरी. पुस्तकातली आईही नवऱ्याच्या मागे मुलांना वाढवणारी. शिक्षक असलेले वडील लेखिकेच्या लहानपणीच गेले आणि आईने दिवसभर बांबूची सुपे, टोपल्या, रोवळ्या, म्हणजेच आयदाने, विणून घर चालवले. वरवर पाहिले तर दोन विधवा आणि दोघींच्या हातांना उसंत नाही. परंतु विणलेल्या वस्तू पोचवायला ती शाळकरी मुलगी वरच्या जातीच्या घरी जाई तेव्हा तिला लांब उभे केले जाई, टोपल्यांवर पाणी शिंपडून मगच त्या आत घेतल्या जात आणि हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून पैसे तिच्या हातावर वरून टाकले जात. माझ्या आजीचे पापड कोणी पाणी शिंपडून घेतले नाहीत. ती गरीब होती, पण उंबऱ्याच्या आतली होती. हा फरक मी ‘कष्ट’ या एका शब्दाखाली झाकून टाकला, हे आपण दाखवून दिलेत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे.

मात्र आत्मकथनाला वैयक्तिक प्रतिसाद देऊच नये, हे आपले म्हणणे मला पटत नाही. आपण ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाचा दाखला दिलात, म्हणून त्याच पुस्तकाविषयी बोलते. बेबी कांबळे यांनी फलटणच्या आपल्या किराणा दुकानात बसून ते लिहिले आणि ती वह्यांची पाने घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवली. 1986 साली त्याचे पुस्तक झाले. ज्या लिखाणासाठी एका बाईला स्वतःच्याच घरात इतकी चोरी करावी लागली, ते वाचून ‘भाषा अस्सल आहे, सामाजिक दस्तऐवज म्हणून मोल मोठे आहे’ एवढीच नोंद करून मी बाजूला झाले, तर ते वाचन निर्दोष ठरेल, पण त्यात मी कुठेच नसेन. विशेषणे लावली की वाचकाची सुटका होते. मला ती सुटका नको आहे.

प्रत्येक पुस्तक वाचकाकडे एकाच प्रकारचा प्रतिसाद मागते, असेही नाही. आनंद यादव यांचे ‘झोंबी’ 1987 साली आले आणि 1990 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कागलच्या एका शेतकरी मुलाने बापाच्या विरोधात जाऊन शिक्षणासाठी घेतलेली ती झोंबी माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर वाचली. ते दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी आम्हाला पहिल्यांदा सांगितले की, सातवीच्या परीक्षेच्या दिवशी त्यांच्या वडिलांनी त्यांना मोट हाकायला पाठवले होते. पन्नास वर्षे हे त्यांनी सासूबाईंनाही सांगितले नव्हते. त्यांनी ‘माझेही असेच झाले’ म्हणावे, हा त्यांचा हक्कच होता, कारण तेच रान, तशीच मोट आणि तसाच बाप त्यांच्याही वाट्याला आलेला होता. ‘आयदान’पुढे मी तेच वाक्य उचलले, आणि तिथे ते माझे नव्हते.

रचनेविषयी आपण लिहिले आहे तेही रास्त आहे. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे लेखिका स्वतः सांगते. त्यामुळे आठवणी तिथे सालवार येत नाहीत. एक पट्टी खालून जाते, दुसरी वरून येते आणि बऱ्याच पानांनी पहिली पुन्हा वर दिसते. तरुण मुलगा गमावलेल्या आईचे दुःख लहानपणी लेखिकेला नीट उमगत नाही, आणि पुढे तिचा स्वतःचा मुलगा जातो तेव्हा ते तिच्यापर्यंत पोचते. माझ्या लेखातली याहून मला जास्त खटकलेली गोष्ट वेगळी आहे. पुस्तक सुरू होते ते डोईवर लाकडांचे, गवताचे, आंब्यांचे ओझे घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायकांपासून, आणि त्या बायका हसतात, एकमेकींची थट्टा करतात, वाटेत बसून भाकरतुकडा वाटून खातात. माझ्या लेखात यातले काही आले नाही. मी आजीला शोधत होते, त्यामुळे मला फक्त सोसणे दिसले आणि हसणे माझ्या हातून निसटले.

आता जे मूळ लेखात यायला हवे होते, ते लिहिते. 1974-75च्या सुमारास मे महिन्यात आम्ही आजोळी असताना, पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई डोक्यावर सुपाटोपल्यांची उतरंड घेऊन येत असे. ती खळ्यात बसे, आजी पडवीत. आजी सुपाच्या पाठीवर बोटाने टकटक करून पाही आणि रोवळी उजेडासमोर धरून वीण तपासे. सौदा ठरला की निवडलेल्या वस्तू खळ्यातल्या दगडावर वेगळ्या ठेवल्या जात आणि मला हाक मारली जाई. तांब्याने त्यांच्यावर पाणी ओतायचे काम माझे होते. रोवळीतून पाणी झरझर खाली येई ते मला फार आवडे, म्हणून मी सांगितल्यापेक्षा जास्तच ओतत असे. ती बाई समोर बसून पाहत असे. पैसे आजी पायरीच्या कडेवर ठेवी.

‘आयदान’मधला तो प्रसंग वाचताना मला हे आठवले होते. लिहायला बसले तेव्हा मी पापड लाटणारी आजी घेतली आणि तांब्या हातात धरलेली मुलगी वगळली. तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते हे खरे. पण लेख लिहिताना पन्नाशीच्या पुढची होते. मूळ लेखातले ते वाक्य मी काढून टाकणार नाही, त्याखाली आपली प्रतिक्रिया आणि हे उत्तर जोडून ठेवते, म्हणजे दोन्ही एकत्र वाचता येतील.

परवा आईला फोन करून त्या बाईचे नाव विचारले. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, पण तिची स्मरणशक्ती तल्लख आहे. सुपाची किंमत तिला आठवली, आजी घासाघीस कशी करी ते आठवले, रोवळीचा काठ बांधण्याची पद्धतसुद्धा तिने बारकाईने सांगितली. नाव मात्र तिला आठवेना. बराच वेळ थांबून ती म्हणाली, “अगं, नावाने कोण हाक मारत होतं तिला? ती दिसली की घरात आवाज जायचा, ‘सुपं आली गं’.”