अंथरूण पाहून पाल

आयुष्याची पन्नास वर्षं मी पाली हाकलण्यात घालवली. कधी केरसुणी, कधी वर्तमानपत्राची गुंडाळी, आणि एकदा घाईत हातातला मोबाइल. पालीची काही आवडनिवड असते, तिला पायाखाली काय हवं नि काय नको, हा विचार त्या धांदलीत कधी शिवला नाही. त्यामुळे भाची शिकायला लांब गेली आणि जाताना तिची पाल माझ्याकडे सोडून गेली, तेव्हा कुठेतरी वर माझा जुना हिशेब निघाला असावा.

पाल म्हणायचं नाही, अशी ताकीद होती. लेपर्ड गेको म्हणायचं. नाव मखमल. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, वीतभर लांबी आणि चरबी साठवलेली गलेलठ्ठ शेपटी. भिंतीवरच्या पालीसारख्या चिकट गाद्या हिच्या बोटांना नसतात, साधी नखं असतात, म्हणून ही काचेवर चढत नाही. हिला चक्क पापण्या आहेत. डोळे मिटून झोपते. रात्री मी उशीवर कूस बदलत असताना ती मात्र टक्क जागी असते, तो भाग वेगळा.

"नीट सांभाळलीस तर 15-20 वर्षं जगते, मामा," भाची कौतुकानं म्हणाली.

"शिक्षण किती वर्षांचं आहे तुझं?" बायकोनं विचारलं.

मखमल आली ती काचेच्या पेटीत, पेपर टॉवेलवर. खाली कागद, कोपऱ्यात पाण्याची वाटी, लपायला एक खोपटं. मला ते बघवेना. दवाखान्याच्या खाटेवर पेशंट असावा तसं दिसत होतं. रानातला जीव हा, त्याला जरा रानासारखं वाटायला नको? या एका दयाळू विचारानं पुढचे दोन महिने माझी झोप उडवली.

मी वाळू आणली. साधी नव्हे, खास सरपटणाऱ्यांसाठीची, गुलाबीसर झाक असलेली. पिशवीवर एक सरडा चक्क हसत होता. पेटीत दोन इंच वाळू पसरली, वर एक दगड ठेवला, आणि मोठ्या अभिमानानं भाचीला फोटो पाठवला. मिनिटाच्या आत फोन.

"मामा, पिशवीवर काय लिहिलंय?"

"कॅल्शियमची वाळू. पोटात गेली तरी पचते म्हणे."

"तिला बाहेर काढ. आत्ता. फोन ठेवू नकोस."

मग एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पाल धरून मी अर्धा तास शिकवणी ऐकली. हे जनावर चालताना जमीन चाटत चालतं. जग ओळखायची त्याची ती रीत. किड्यावर झडप घातली की किड्यासोबत चिमूटभर जमीनही तोंडात जाते. कॅल्शियमची वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, माणसं जळजळीवर चघळतात तेच. ते पोटातलं आम्ल मारतं, आणि न पचलेली वाळू आतड्यात गोळा होऊन बसते. वर आणखी गंमत अशी, की अंगात कॅल्शियम कमी असेल तर हे जनावर मुद्दाम वाळू खातं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच धोका. कॅल्शियम द्यायचं ते किड्यांना पावडर फासून, जमिनीला फासून नाही.

"पण रानात ती वाळूतच राहते ना?" मी शेवटचा बाण सोडला.

राहत नाही. अफगाणिस्तानापासून वायव्य भारतापर्यंतच्या ज्या कोरड्या मुलखातून तिचे पूर्वज आले, तिथे खडक आहेत, दगडगोटे आहेत, उन्हानं टणक झालेली माती आहे आणि त्यावर थोडी धूळ-वाळू. दोन इंच गुलाबी वाळू माझ्या कल्पनेतल्या रानात होती, तिच्या रानात नव्हती.

इथे एक जुनी म्हण आठवते. वाळूत मुतलं, फेस ना पाणी. ज्यानं ही रचली त्यानं घरी पाल पाळली असली पाहिजे. कारण हिची लघवी ओली नसतेच; पांढरा, खडूसारखा घट्ट गोळा पडतो. वाळूत तो पडला की सापडत नाही. तेव्हा फेस नाही, पाणी नाही, आणि जंतू मात्र मुक्कामाला.

वाळू उपसून झाल्यावर मी जाणकारांना विचारायचं ठरवलं. ही माझी दुसरी चूक. एकानं ॲस्पेनच्या लाकडाचा भुगा सुचवला. दुसऱ्यानं नारळाचा भुसा, तिसऱ्यानं अक्रोडाच्या कवचाचा चुरा (त्याच्या कडा धारदार असतात, हे सांगायला चौथा लागला), पाचव्यानं गालिचा. प्रत्येकाचा आवाज असा, की ऐकलं नाही तर पाल गेलीच म्हणून समजा. पंधरवडाभर वह्या भरल्यावर लक्षात आलं, की भुगेवाल्याकडे साप आहे, भुसेवाल्याकडे पावसाळी जंगलातला सरडा आहे आणि गालिचावाल्याकडे सध्या काहीच नाही. सगळे खरं बोलत होते, प्रत्येक जण वेगळ्या जनावराबद्दल.

तरी मी लाकडाचा भुगा आणलाच, पण ॲस्पेनचा नव्हे, देवदाराचा, कारण वास सुंदर होता. पेटी उघडली की देवघरात आल्यासारखं वाटायचं. तो वासच घातक, असं दुसऱ्या दिवशी कळलं. देवदारासारख्या लाकडातली सुगंधी तेलं सरपटणाऱ्यांच्या श्वासाला बाधतात. आपण ज्याला प्रसन्न म्हणतो ते बंद पेटीत रात्रंदिवस हुंगायचं म्हणजे काय, याचा विचार मी केला नव्हता. बायकोनं तो भुगा कपड्यांच्या कपाटात ठेवला. घरात त्याचं कौतुक करणारी ती एकटीच.

नारळाच्या भुशाचं प्रकरण जरा लांबलं. तो विटेसारखा दाबून मिळतो, पाण्यात टाकला की फुगतो. किती फुगतो ते मी वाचलं नाही. बादलीत अख्खी वीट टाकून अंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा बादली भरून भुसा जमिनीवर उतरला होता आणि तरीही वीट मधे तशीच, विचारात पडल्यासारखी बसलेली. त्या भुशानं घरातल्या सगळ्या कुंड्या भरल्या. आणि मखमलला तो चालेना, कारण ओलावा धरून ठेवणारं अंथरूण कोरड्या मुलखातल्या जनावराला सगळीकडे नको असतं. फक्त एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून त्यात मूठभर ओला भुसा ठेवायचा, कात टाकायच्या वेळी तिला आत शिरता यावं म्हणून. नाहीतर बोटांवर जुनी कातडी अडकून राहते, आवळत जाते, आणि बोटंच गळतात. म्हणजे बादलीभरातला मूठभर कामाचा निघाला.

गालिच्यात तिचं नख अडकलं. गालिचा तासाभरात बाहेर.

"आपल्या गादीला बारा वर्षं झाली," बायको भिंतीकडे बघत म्हणाली. "मधे खड्डा आहे. तुम्ही त्याबद्दल कधी कुणाला विचारलं नाहीत."

शेवटी फरशी. खडबडीत फरशी तोंडात जात नाही, पुसता येते, नखं आपोआप झिजतात आणि खालच्या गरम चटईची ऊब नीट वर पोचवते. उबेच्या बाजूला 32 अंशांच्या आसपास, दुसरं टोक थंड, आणि चटईला थर्मोस्टॅट, नाहीतर पाल तव्यावर. मी पेटी मोजली, फरशी कापून आणली. ती सूतभर मोठी निघाली. पुन्हा कापली, तर बोटभर फट राहिली. त्या फटीतून मखमलच्या जेवणातला एक रातकिडा फरशीखाली गेला आणि त्यानं रात्रभर किरकिर लावली. पहाटे तीन वाजता टॉर्च तोंडात धरून मी फरशी उचलत होतो. मखमल खोपट्याच्या दारातून शांतपणे बघत होती. एकदा तिनं सावकाश डोळा चाटला. पापण्या असूनही चाटते.

आता कुठे निवांत होतोय, तर तिनं शी करणं बंद केलं. एक दिवस, दोन दिवस, तीन. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि या वेळी ती खरोखर पालीबद्दलच होती. वाळूचा एखादा कण राहिला असेल का आत? मागचे पाय ओढतेय का? शेपटी बारीक झाली का? मी दर तासाला भिंग घेऊन फरशी तपासू लागलो. चौथ्या दिवशी खोपटं उचललं, तर मागच्या कोपऱ्यात सगळा ऐवज ओळीनं मांडलेला. या जनावरांची एक जागा ठरलेली असते, तिथेच जातात. ती जागा तिनं अशी निवडली होती, की मला दिसू नये. त्या कोपऱ्यात मी पेपर टॉवेलचा तुकडा टाकला.

म्हणजे दोन महिन्यांनी मी पुन्हा कागदावरच आलो. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, धडधाकट मोठ्या गेकोला माती-वाळूचं घट्ट मिश्रणही चालतं, ऊब आणि कॅल्शियम नीट असलं तर. पण ते करायला ती स्वतः येईल, मामानं काही आणू नये.

परवा रात्री मखमल एकदम राखाडी पडली. ठिपके फिके, अंगावर पांढुरका पडदा. मी पेटीला डोळा लावून बसलो. तिनं ओल्या डब्यात जाऊन अंग घासलं, बाहेर आली आणि पायमोजा काढावा तशी पुढच्या पायाची कातडी तोंडानं ओढून काढली. आणि गिळली. मी फोन लावला.

"ती खातेय!"

"काय खातेय? मामा, काय आणलंस तू?"

"काही नाही आणलं! पांघरूण खातेय. स्वतःचं!"